टॉमी जॉनला आत घ्या : कूपर्सटाउनच्या निवड समितीला खुले पत्र

मा. सदस्य,
क्लासिक बेसबॉल एरा समिती,
नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम,
कूपर्सटाउन, न्यू यॉर्क



पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुमच्या टेबलावर पोचेल अशा भ्रमात मी नाही. पण खुल्या पत्राची सोय अशी, की ज्याच्या नावाने लिहिलं त्याने वाचलं नाही तरी आजूबाजूचे चार जण वाचतात. १९८० पूर्वी गाजलेल्या खेळाडूंचा विचार करायला तुमची समिती डिसेंबर २०२७ मध्ये पुन्हा बसेल. त्या वेळचे सोळा जण कोण असतील हे अजून ठरायचं आहे. जे कुणी असतील त्यांच्यापुढे टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचं नाव पुन्हा यावं आणि या वेळी तरी त्याला उंबरठ्यावरून परत पाठवू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मागच्या खेपेचा हिशेब आधी. ८ डिसेंबर २०२४ रोजी डॅलसमध्ये तुमच्यापुढे आठ नावं होती. सोळा मतदार, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मतं, आणि आत यायला १२ मतं हवीत. डेव्ह पार्करला १४ मिळाली, डिक ॲलनला १३. टॉमी जॉनला ७. आता यातली गंमत पाहा. २ डिसेंबर १९७१ रोजी शिकागो व्हाइट सॉक्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स यांनी खेळाडूंची अदलाबदल केली होती. टॉमी जॉन आणि आणखी एक खेळाडू देऊन शिकागोने डॉजर्सकडून कुणाला घेतलं? याच डिक ॲलनला. एका सौद्यातले हे दोघे त्रेपन्न वर्षांनी तुमच्या एकाच यादीत आले. एक आत गेला, एक राहिला.

ॲलनबद्दल माझी काही तक्रार नाही. अदलाबदलीनंतरच्या पहिल्याच हंगामात तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तो आत यायलाच हवा होता, आणि खूप आधी यायला हवा होता. एकदा जिवंतपणी आणि एकदा मेल्यावर, असा दोनदा तो एकेका मताने हुकला. डिसेंबर २०२० मध्ये तो वारला, आणि त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही त्याला बोलावणं धाडलं. पार्करला निवड झाल्याचं निदान ऐकायला मिळालं. पण जुलै २०२५ च्या समारंभाला महिना उरलेला असताना तोही गेला. टॉमी जॉनचा जन्म २२ मे १९४३ चा, इंडियाना राज्यातल्या टेर होटचा. तुमची बैठक होईल तेव्हा त्याच्या वयाची ८४ वर्षं उलटलेली असतील. एवढं लिहून हा मुद्दा सोडतो, कारण वयाकडे बघून कुणाला मत द्यावं असं माझं म्हणणं नाही. त्याच्या पिचिंगकडे बघून द्यावं.

अडचण अशी, की त्याच्या पिचिंगकडे बघायला कुणी तयार नाही. टॉमी जॉन म्हटलं की लोकांना कोपर आठवतं. आमच्या भारतात तर हे नाव कुणी ऐकलं असेल तर हाडांच्या डॉक्टरांनी. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं की ते नव्याने बांधायची जी शस्त्रक्रिया आहे, तिला जगभर टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. शोहेई ओहतानीची २०१८ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये त्याचं कोपर पुन्हा उघडावं लागलं. जस्टिन व्हर्लँडरची २०२० मध्ये झाली. आज मेजर लीगमध्ये खेळणाऱ्या दर तीन पिचरांमागे एकाहून अधिक जणांच्या कोपरावर तो व्रण सापडेल. शस्त्रक्रियेला डॉक्टरचं नाव द्यायची रीत असते, इथे रोग्याचं पडलं. आणि माणूस एकदा रोगी म्हणून प्रसिद्ध झाला की बरा झाल्यावर त्याने काय केलं याची चौकशी कुणी करत नाही.

आमच्याकडच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. तुम्ही हा भाग ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचं कोपर चेंडू टाकताना पंधरा अंशांपलीकडे सरळ झालं की तो चेंडू अवैध. बेसबॉलचा पिचर नेमकं तेच करतो जे आमच्या गोलंदाजाला मना आहे. साठ फूट सहा इंच अंतरावरच्या होम प्लेटकडे तो साधारण १४५ ग्रॅमचा चेंडू फेकतो. त्याआधी दंड मागे गेलेला असतो, कोपर दुमडलेलं असतं, पंजा पार पाठीमागे कललेला असतो, आणि त्या स्थितीतून सगळा हात झटक्यात पुढे उलगडतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडायला बघते. तिला धरून ठेवणारी पट्टी बोटभरसुद्धा लांब नसते. असा ताण एका सामन्यात शंभर वेळा, हंगामात दोन-तीन हजार वेळा. पट्टी विरत जाते आणि एक दिवस सुटते.

टॉमी जॉनची सुटली १७ जुलै १९७४ रोजी, डॉजर स्टेडियमवर, मॉन्ट्रियल एक्सपोजविरुद्ध तिसऱ्या इनिंगमध्ये. त्या हंगामात त्याचे १३ विजय होते आणि पराभव फक्त ३. वय एकतीस, फॉर्म आयुष्यातला सर्वांत चांगला. समोर हॅल ब्रीडन हा फलंदाज, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू. जॉनने आपला नेहमीचा सिंकर टाकला आणि हात जणू आपला नाहीच असं त्याला वाटलं. काय झालं ते कळेना म्हणून त्याने आणखी एक चेंडू टाकून पाहिला. तोही कुठच्या कुठे गेला. मग तो स्वतःच माउंडवरून उतरला आणि दुसऱ्या कुणाला तरी तयार करा, असं त्याने मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनला सांगितलं.

त्या काळी अशा पिचरचं पुढे काय होई? तो घरी जाई. ‘हात मेला’ एवढंच निदान होतं. त्याच डॉजर्सचा सँडी कूफॅक्स १९६६ मध्ये एका हंगामात २७ विजय मिळवून वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला होता, कारण त्याच्या डाव्या कोपरातला संधिवात कुणालाच आटोक्यात आणता येत नव्हता.

डॉ. फ्रँक जोब यांनी मात्र एक वेगळा विचार केला. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या वैद्यकीय पथकात होता, बॅस्टोनच्या वेढ्यात सापडलेला. पुढे डॉक्टर झाल्यावर पोलिओने लुळ्या पडलेल्या हातापायांत एका जागचं टेंडन दुसऱ्या जागी बसवण्याचं तंत्र त्यांनी जवळून पाहिलं होतं. तेच इथे का करू नये? २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी जॉनच्या उजव्या मनगटातलं एक टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि ते टेंडन त्या भोकांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ओवलं. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

ते टेंडन वाचकांनी आपल्याच हातावर बघून घ्यावं. तळहात वर करून अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक शीर वर येईल. काही जणांच्या हातात ती नसतेच, आणि नसली तरी त्यांचं काही अडत नाही. शरीराने जणू सुटा भाग म्हणून ठेवलेली ही शीर. जोब यांच्या कल्पकतेला दाद द्यायला एवढा एक प्रयोग पुरे.

पण शीर बसवली म्हणजे पिचर उभा राहिला असं झालं नाही. कोपरामागून जाणारी नस दुखावली होती. बोटं आखडून हात पक्ष्याच्या पंजासारखा व्हायला लागला, आणि डिसेंबरमध्ये नस सोडवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा सबंध हंगाम त्याने बाहेर बसून काढला. बाहेर बसून म्हणजे रोज चेंडू फेकत. आधी जेमतेम काही फूट, मग थोडं लांब. संघात माइक मार्शल नावाचा एक विक्षिप्त सहकारी होता. एका हंगामात १०६ सामन्यांत पिचिंग करण्याचा त्याने १९७४ मध्ये केलेला विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. कोपरावरचा भार कमी होईल असं शरीर कसं वळवायचं, यावर दोघांनी मिळून काम केलं.

१६ एप्रिल १९७६ रोजी अटलांटात तो परत उभा राहिला. तो सामना हरला. त्या हंगामात १० विजय, १० पराभव, पण २०७ इनिंग्ज. जोब यांना स्वतःलाच इतका कमी भरवसा होता, की पुढच्या पिचरवर ही शस्त्रक्रिया करायला त्यांनी १९७८ उजाडू दिलं. तो दुसरा रोगी ब्रेंट स्ट्रॉम. त्याला मेजर लीगमध्ये परतता आलं नाही. पुढे तो नामांकित पिचिंग कोच झाला. म्हणजे शस्त्रक्रिया झाली की पिचर आपोआप परततो, हा आजचा समज पहिल्या दोन रोग्यांपैकी एकानेच खरा केला. जो परतला, त्याच्यात शस्त्रक्रियेपलीकडचं काहीतरी होतं.

१९७७ मध्ये २० विजय, ७ पराभव. १९७८ मध्ये १७ विजय. मग न्यू यॉर्क यँकीजकडे जाऊन १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२. शस्त्रक्रियेआधीच्या बारा हंगामांत एकदाही वीसचा आकडा न गाठलेल्या माणसाने नंतर तो तीनदा गाठला. शस्त्रक्रियेपूर्वी १२४ विजय, नंतर १६४. आणि तुमच्या भिंतीवरच्या एका नावाशी ताडून पाहा. कूफॅक्सला तुम्ही १९७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आत घेतलंत. इतक्या कमी वयात तुमच्याकडे आजवर दुसरं कुणी आलेलं नाही. कूफॅक्सचे अख्ख्या कारकिर्दीतले विजय १६५. जॉनच्या दुरुस्त केलेल्या हाताचे १६४. कूफॅक्स आणि जॉन एका तोलाचे पिचर होते असं मी म्हणत नाही. कूफॅक्सची शेवटची चार-पाच वर्षं ज्यांनी पाहिली ते अजून त्यांच्याच गोष्टी सांगतात. पण एवढं मोठं काम कोपर नव्याने बांधल्यावर केलेल्या माणसाला हॉस्पिटलच्या वहीत बंद करून ठेवणं, हे काही बरोबर नाही.

तो नेमकं करायचा काय? फलंदाजाला चेंडू मारू द्यायचा. हे तुमच्यातल्या जुन्या खेळाडूंना सांगायला नको, पण हल्लीच्या पोरांना चमत्कारिक वाटेल. आज मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या पुढे गेला आहे आणि फलंदाजाला चेंडूचा वारासुद्धा लागू नये ही पिचरची मनीषा असते. जॉनचा भर सिंकरवर. हा चेंडू गुडघ्याच्या उंचीवर सरळ येतोय असं वाटतं आणि प्लेटशी येता येता तो खाली बसतो. फलंदाजाची बॅट त्याच्या वरच्या भागाला लागते. चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे जातो, तिथून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्या. एका फटक्यात दोघे बाद. फलंदाज चरफडत परततो, कारण आपण चेंडू चुकलो नव्हतो हे त्याला माहीत असतं. मधूनच एक संथ कर्व्हबॉल. आणि प्रत्येक चेंडू इंचाइंचाने आखलेला. यात प्रेक्षकांनी उभं राहून ओरडावं असं फारसं काही नाही. दूरदर्शनवरच्या क्षणचित्रांत तर ते बसतच नाही. पण या कामावर त्याने २६ हंगाम, ७०० सामन्यांची सुरुवात, ४,७०० हून अधिक इनिंग्ज आणि ४६ शटआउट (समोरच्याला एकही धाव न देता एकट्याने पूर्ण केलेले सामने) काढले. पोस्टसीझनमध्ये ६ विजय, ३ पराभव आणि दर नऊ इनिंग्जमागे २.६५ धावा. मोठ्या सामन्यात तो कच खायचा असं म्हणायला जागा ठेवलेली नाही.

आता विरुद्ध बाजू. ती मला माहीत नाही असं समजू नका. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला कधी मिळाला नाही. १९७७ मध्ये स्टीव्ह कार्लटनच्या मागे दुसरा, १९७९ मध्ये माइक फ्लॅनगनच्या मागे दुसरा. हॉल ऑफ फेमसाठी तुमच्याआधी मत देणाऱ्या पत्रकारांनी १५ वर्षं त्याला मतपत्रिकेवर ठेवून शेवटच्या खेपेला, २००९ मध्ये, ३१.७ टक्के मतं दिली. हवी असतात ७५. नुसता टिकून राहून आकडे जमवणारा, हा त्याच्यावरचा ठरलेला शेरा. चेंडू खरवडण्याचा संशयही होता. ऑगस्ट १९८७ मध्ये यँकीज आणि एंजल्स यांच्या सामन्यात एका बाजूला जॉन आणि दुसऱ्या बाजूला डॉन सटन होता. सटन चेंडूला काहीतरी करतोय हे टीव्हीवर पाहून यँकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी थेट डगआउटमध्ये फोन लावून मॅनेजर लू पिनिएलाला फैलावर घेतलं. सटनची तपासणी करायला लावली तर आपल्या माणसाचीही होईल, अशा अर्थाचं काहीतरी सांगून पिनिएलाने मालकांना गप्प केलं. त्या सामन्यातला एखादा गुळगुळीत चेंडू सापडला तर तो तुमच्या कूपर्सटाउनला पाठवावा, असा विनोद तिथल्या एका स्काउटच्या नावावर सांगतात. आता त्यातला सटन १९९८ पासून तुमच्याच भिंतीवर आहे. तेव्हा या मुद्द्यावर तुम्ही फार सोवळं पाळू नये हे बरं.

टिकून राहण्याच्या शेऱ्याचं उत्तर तर तुम्हीच देऊन ठेवलंय. डिसेंबर २०२१ मध्ये तुमच्यासारख्याच एका समितीने जिम काटला निवडलं. काट डावखुरा, २५ हंगाम, २८३ विजय, २३७ पराभव, धावांची सरासरी ३.४५. जॉन डावखुरा, २६ हंगाम, २८८ विजय, २३१ पराभव, सरासरी ३.३४. साय यंग काटलाही नाही. एक फरक मान्य करायला हवा : काट क्षेत्ररक्षणात वाघ होता, त्याने १६ गोल्ड ग्लोव्ह मिळवले.

क्षेत्ररक्षणात जॉनचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणाने. २७ जुलै १९८८ रोजी मिलवॉकीविरुद्ध एक मेंगळट चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला. तो त्याच्या हातातून सुटला, चूक पहिली. तरी उचलून त्याने पहिल्या बेसकडे फेकला तो पार राइट फील्डमध्ये, चूक दुसरी. तिथून डेव्ह विनफिल्डने होम प्लेटकडे झकास फेक केली. ती सरळ जाऊ द्यायची सोडून जॉन मध्ये पडला, चेंडू धरला आणि कॅचरच्या आवाक्याबाहेर भिरकावला, चूक तिसरी. एका चेंडूवर तीन चुका, एकाच माणसाच्या. यँकीजने तो सामना १६-३ असा जिंकला आणि तो विजयही जॉनच्याच खात्यात जमा झाला. पंचेचाळिसाव्या वर्षी असला तमाशा करूनही पुढच्या हंगामाची सुरुवात करायला यँकीजने त्यालाच उभं केलं, हे लक्षात घ्या.

त्याची शेवटची वर्षं मला फार आवडतात. १९८६ मध्ये ओकलंडच्या मार्क मॅग्वायरने मेजर लीगमधला आपला पहिला हिट मारला तो जॉनच्या चेंडूवर. मॅग्वायरचे वडील दंतवैद्य, आणि त्यांच्या पेशंटांत टॉमी जॉन. आपल्या दातांच्या डॉक्टरचा पोरगा आपल्याला मारायला लागला म्हणजे निवृत्त व्हायची वेळ झाली, असं तो थट्टेने म्हणायचा. म्हणायचा, पण निवृत्त होत नव्हता. शेवटी मे १९८९ मध्ये, छेचाळिसावा वाढदिवस झाल्यावर, थांबला.

वर्ल्ड सिरीज त्याला कधीच जिंकता आली नाही, आणि त्याची कथा ऐकून हसावं की रडावं कळत नाही. १९७७ आणि १९७८ मध्ये तो डॉजर्सकडे. दोन्ही वेळा यँकीज जिंकले. मग तो यँकीजकडे गेला. १९८१ मध्ये यँकीज आणि डॉजर्स पुन्हा भिडले, डॉजर्स जिंकले. त्या मालिकेचा सहावा सामना २८ ऑक्टोबरला यँकी स्टेडियमवर झाला. यँकीज दोन-तीन असे मागे होते. चौथ्या इनिंगअखेर धावा १-१ आणि जॉन व्यवस्थित टाकत होता. मॅनेजर बॉब लेमनने त्याच्या जागी फलंदाजीला बॉबी मर्सरला पाठवलं, म्हणजे जॉनचं पिचिंग तिथेच संपलं. मर्सरचा फटका हवेत झेलला गेला. डगआउटमध्ये येरझाऱ्या घालत, हे काय चाललंय म्हणून मान हलवणारा जॉन कॅमेऱ्याने सबंध देशाला दाखवला. पुढच्या इनिंगला डॉजर्सने तीन धावा काढल्या, त्याच्या पुढच्या इनिंगला चार, आणि सामना ९-२ असा संपला. लेमन स्वतः पिचर म्हणून तुमच्याकडे आहे. त्या रात्रीचा निर्णय त्याच्या फलकावर लिहिलेला नाही, हे ठीकच.

तुम्ही कुणाला किती थांबवता याकडे आम्ही एवढं लक्ष का देतो, त्याला आमच्याकडचंही एक कारण आहे. आमच्या मुंबईत पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज होऊन गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही, कारण त्याच वर्षांत बिशनसिंग बेदी भारतासाठी खेळत होते. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. खूप उशीर झाला होता, तरी तो घ्यायला ते हजर होते. मार्च २०२५ मध्ये गेले. मंडळाच्या नावाने आम्ही बोटं मोडतो, पण एवढं एक काम त्यांनी शिवलकरांच्या हयातीत केलं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, तिचा मतदानाशी संबंध थोडा आडून येतो. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात आमची पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. आईबाप क्रिकेटवर वाढलेले आणि पोरं लिटल लीगमध्ये पिचर. या पोरांच्या कोपरांसाठी मेजर लीगने आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये नियम घालून दिले : नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ हून जास्त चेंडू टाकू नयेत, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५ हून जास्त, मध्ये विश्रांतीचे दिवस अमुक. नियम छापलेले आहेत. पाळतात किती ते शनिवार-रविवारच्या मैदानांवर जाऊन पाहावं. एकच पोरगं सकाळी शाळेच्या संघात आणि दुपारी क्लबच्या संघात टाकतं, आणि दोन्ही प्रशिक्षक आपापलेच चेंडू मोजतात. भरीला असा समज आहे, की ही शस्त्रक्रिया केली की हात पहिल्यापेक्षा जोरात चालतो. पालकांतही आहे, प्रशिक्षकांतही आहे. जॉन गेली काही वर्षं जाहीरपणे सांगतोय, की शाळकरी पोरांच्या कोपरांवर आपलं नाव लागलेलं पाहून त्याला आनंद होत नाही.

त्याचं नाव या पोरांच्या कानावर फक्त एक्स-रेच्या खोलीत पडतं. तुमच्या भिंतीवर त्याचा फलक लागला तर निदान कूपर्सटाउनला सहलीला आलेला एखादा बारा वर्षांचा पिचर बापाला विचारेल, की हा माणूस पिचरही होता का? आणि बापाला सांगावं लागेल की होता, आणि वेगाच्या मागे न लागता सव्वीस वर्षं होता. वेगापायी मोडणाऱ्या कोपरांबद्दल तुमच्या लीगने डिसेंबर २०२४ मध्ये मोठा अहवाल काढला. तो शहाण्यांनी वाचला असेल. पोरं अहवाल वाचत नाहीत, फलक वाचतात.

जुलै २०१३ मध्ये तुम्ही डॉ. जोब यांचा कूपर्सटाउनला बोलावून सत्कार केलात. फार चांगलं केलंत. पुढच्या मार्चमध्ये ते वारले. त्या सत्काराला टॉमी जॉन आला होता, पाहुणा म्हणून. शस्त्रक्रियेचा मान योग्य माणसाला देऊन झाला. त्यामुळे आता त्याच्या नावावरचं मत हे कोपराचं कौतुक ठरेल अशी भीती बाळगण्याचं कारण उरलेलं नाही. विसाव्या शतकातल्या पिचरांत, रॉजर क्लेमेन्स सोडला, तर २८८ विजय मिळवून बाहेर राहिलेला दुसरा कुणी नाही, आणि क्लेमेन्स उत्तेजकांच्या आरोपांमुळे बाहेर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या वेळी ७ मतं पडली. पाच कमी पडताहेत.

ती मिळाली तर तुमच्या संस्थेपुढे एक पेच येईल, तो आत्ताच सांगून ठेवतो. फलकावर खेळाडूच्या डोक्यावर सहसा एका संघाची टोपी असते. जॉन सहा संघांकडून खेळला : क्लीव्हलंडसाठी २ विजय, व्हाइट सॉक्ससाठी ८२, डॉजर्ससाठी ८७, यँकीजसाठी ९१, एंजल्ससाठी २४, ओकलंडसाठी २. आकड्यांनी यँकीज पुढे आहेत आणि न्यू यॉर्कवाले गप्प बसणार नाहीत. माझं मत डॉजर्सला. हात तिथे तुटला, तिथे जुळला, आणि एक अख्खं वर्ष चेंडू न टाकणाऱ्या पिचरसाठी तिथे जागा राखून ठेवली गेली. यावर तुमच्याशी वाद घालायला मी एका पायावर तयार आहे. मराठीत चालणार असेल तर.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बेसबॉलचा एक मराठी चाहता